एकटं फिरताना: कोलकात्यातला एक मोकळा दिवस

ताई, नमस्कार. मी उदगीरकडची, वय ४६, विमा कार्यालयात नोकरीला. डिसेंबरमध्ये प्रशिक्षणासाठी आठवडाभर कोलकात्याला जायचं आहे. राहायची सोय सॉल्ट लेकमध्ये आहे आणि मधला रविवार पूर्ण मोकळा आहे. बरोबरचे दोघे सहकारी गंगासागरला जायचं म्हणतात, मला तेवढी धावपळ नको वाटते. आमचे हे म्हणतात, ‘अनोळखी शहरात एकटी कुठं हिंडतेस, खोलीवर आराम कर.’ सासूबाई म्हणतात, कालीमातेचं दर्शन तरी घेऊन ये. मी सोलापूरच्या पलीकडे एकटी कधी गेलेले नाही. बंगाली येत नाही, हिंदी जेमतेम, आणि मी शाकाहारी आहे. मोबाइलवर शोधलं तर ‘एका दिवसात पंधरा ठिकाणं’ अशा याद्या निघतात आणि त्या वाचूनच दमायला होतं. खरंच एकटीनं फिरता येईल का? आणि काय बघू?
— एक वाचक, उदगीर

फिरता येईल. खोलीवर आराम उदगीरलाही करता येतो. कोलकाता बायकांना एकटं फिरायला बरं शहर आहे, हे नोकरीत असताना हिशेब तपासणीच्या निमित्तानं तिथं वारंवार राहिल्यावर मी म्हणते आहे. पहाटेपासून रस्त्यावर माणसं असतात, बायका बस-मेट्रोनं सर्रास एकट्या ये-जा करतात, आणि पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम थांबवून सांगतो.

त्या पंधरा ठिकाणांच्या यादीला मात्र हात लावू नका. अशा याद्या गाडी करून, दारात उतरून, फोटो काढून पुन्हा गाडीत बसणाऱ्यांसाठी असतात. एकट्या माणसाच्या हातात एक दिवस असेल तर त्यानं शहराचा एकच तुकडा घ्यावा आणि तो पायी बघावा. तुमच्यासाठी मी उत्तर कोलकात्याचा नदीकाठचा भाग निवडते: हावडा पूल, फुलबाजार, कुमारटुली, बागबाजार आणि जोडासाँको. हे सगळं एकमेकांच्या जवळ आहे, जुनं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिकीट काढायची गरजही नाही.

आधी एक गोष्ट, जी याद्यांमध्ये कधी नसते. कोलकाता आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र तेच. उदगीरच्या मानानं तिथला सूर्य पाऊण तास आधी मध्यान्हीला येतो. डिसेंबरात तिथं संध्याकाळी पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. आपल्या सवयीनं दहाला निघालात तर दिवस हातातून जाईल. उजाडतंही लवकर, म्हणून सहा-साडेसहाला निघा. रविवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा जातानाची एवढी एकच फेरी मोबाइलवरून टॅक्सी मागवून करा. राज्य सरकारचं ‘यात्री साथी’ हे अ‍ॅप घेऊन ठेवा, पिवळ्या टॅक्सीही त्यावर मिळतात. चालकाला ‘मलिक घाट, फुलबाजार’ एवढं सांगा.

फुलबाजार हावडा पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला, पुलाच्या अगदी पायथ्याशी आहे. कोलाघाट, पांशकुडा, राणाघाट अशा भागांतून रात्रीच्या गाड्यांनी फुलं येतात. झेंडूचे हार मोजून, जुडगे बांधून, माणसांच्या खांद्यावर आणि डोक्यावर चढवलेले असतात. नारिंगी ढीग चालत येतोय आणि खाली दोन पाय दिसताहेत, असं सारखं दिसेल. जास्वंदीच्या कळ्यांचे लालभडक हार वेगळे असतात, ते कालीसाठी. निशिगंधाला तिकडे रजनीगंधा म्हणतात. जमीन ओली आणि निसरडी असते, म्हणून चप्पल नको, पट्ट्याच्या सँडल किंवा बूट घाला. हमाल ओरडत येतो तेव्हा बाजूला व्हायचं, फोटोसाठी त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. एवढं पाळलं की तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. घाटाच्या पायऱ्यांवर माणसं आंघोळ करत असतात, तिकडे कॅमेरा रोखू नका.

मग जिना चढून पुलावर जा आणि पदपथावरून अर्ध्यापर्यंत चालत जाऊन परत या. हा पूल १९४३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. १९६५ मध्ये त्याला रवींद्र सेतू नाव दिलं, तरी लोक हावडा ब्रिजच म्हणतात. नदीच्या पात्रात एकही खांब नाही, आणि सगळा सांगाडा नट-बोल्टऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेला आहे. चालताना कठड्याजवळच्या लोखंडी पट्ट्यांच्या बुडाशी बघा: पान-गुटख्याच्या थुंकीनं पोलाद गंजायला लागलं म्हणून तिथं फायबरग्लासची आवरणं बसवावी लागली. एवढ्या प्रचंड वस्तूला रोजच्या थुंकण्यानं धोका व्हावा, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

न्याहारीला कचोरी. तिकडे ‘कोचुरी’ म्हणतात, आपल्या कचोरीसारखी ती कडक नसते. पुरीसारखी मऊ, आत हिंग घातलेलं उडदाच्या डाळीचं सारण, आणि बरोबर बटाट्याची रसभाजी. उत्तर कोलकात्यात सकाळी कुठल्याही मिठाईच्या दुकानापुढं गर्दी दिसली की ती याचसाठी. शाकाहाराबद्दल एक नीट लक्षात ठेवा. ‘व्हेज आहे का’ विचारण्याऐवजी ‘निरामिष’ हा शब्द वापरा. त्याचा अर्थ तिथं मासे-मांस नाही आणि बहुधा कांदा-लसूणही नाही, असा घेतात. जेवताना डाळीबद्दलही विचारून घ्या, कारण डाळीत माशाचं डोकं घालण्याची तिथं पद्धत आहे. ‘आमी माछ-मांगशो खाई ना’, मी मासे-मांस खात नाही, एवढं वाक्य पाठ करा. पुरुषाला दादा, बाईला दिदी म्हणून सुरुवात केली की पुढचं मोडक्या हिंदीत चालतं. त्यांचीही हिंदी तुमच्याइतकीच असते.

आता कुमारटुली. तुमच्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी इथं द्यायला सांगेन. शोभाबाजार सुतानुटी हे मेट्रो स्टेशन जवळ आहे. फुलबाजाराकडून टॅक्सीनंही पटकन पोचता येतं. पुलापलीकडच्या हावड्याच्या जेट्टीवरून शोभाबाजार-बागबाजारकडे बोटी जातात, पण रविवारी फेऱ्या कमी असू शकतात, तेव्हा तिकीट खिडकीवर विचारा आणि मिळाली तर बोटच घ्या.

कुमारटुली ही मूर्तिकारांची वस्ती. दुर्गापूजेच्या मूर्ती इथून जातात. आपल्याकडे पेणला गणपतीचे कारखाने पाहिले असतील तर कामाची घाई ओळखीची वाटेल, पण पद्धत अगदी वेगळी. इथं आधी बांबूचा सांगाडा उभा करतात. त्यावर भाताचा पेंढा सुतळीनं आवळून देवीचं अंग बांधतात: कंबर, मांड्या, वाकलेला गुडघा, सगळं पेंढ्याचं. मग तूस मिसळलेल्या मातीचा जाड थर, तो वाळला की बारीक मातीचा. वाळताना भेगा पडतात, त्यांवर मातीच्या राबडीत बुडवलेल्या कापडाच्या चिंध्या चिकटवतात. बोटं वेगळी वळतात आणि मागून जोडतात. फळीवर ओळीनं वाळत घातलेले हात बघितलेत की तिथून हलावंसं वाटत नाही. चेहरा साच्यातून काढून धडावर बसवतात. डोळे सगळ्यात शेवटी. मूर्ती भाजत नाहीत, कच्चीच राहते, कारण ती नदीत जायची असते.

तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे दुर्गा नसेल, पण वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजेची तयारी चाललेली असेल. घराघरांतून आणि शाळा-कॉलेजांतून ती पूजा होते, त्यामुळे मूर्ती लहान आणि खूप. वीणा अजून हातात न आलेल्या, नुसते हात पुढं धरून बसलेल्या सरस्वती एका गल्लीत किती दिसतील ते बघा. काम करणाऱ्याला आधी विचारा, ‘छोबी तुलते पारी?’, फोटो काढू का. कुणी पैसे मागितले तर द्यावेत असं माझं मत आहे. त्यांच्या कामाच्या जागेत आपण उभ्या असतो, आणि ती जागा फार अरुंद असते.

तिथून बागबाजार पायी जवळ आहे. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. मराठी माणसानं ती जरूर बघावी. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबलं. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं तो खंदक बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. शहरापर्यंत आले नाहीत, तरी बंगालच्या खेड्यांनी त्या स्वाऱ्यांचा मार दहा वर्षं सोसला. आजही बंगाली आया बाळाला झोपवताना म्हणतात, ‘खोका घुमालो, पाडा जुडालो, बर्गी एलो देशे’: बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले. बर्गी म्हणजे आपले बारगीर. महाराष्ट्रातून आलात असं कळल्यावर एखादी म्हातारी हे गाणं तुम्हाला म्हणूनही दाखवेल. तेव्हा वाद घालू नका आणि ओशाळूही नका, ऐकून घ्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात ही बाजू क्वचितच येते, आणि ती कळायला त्या गल्लीइतकी चांगली जागा दुसरी नाही. बागबाजारच्याच नवीनचंद्र दासांचं नाव रसगुल्ल्याशी जोडलेलं आहे, १८६८ पासून. तेव्हा रसगुल्ला इथंच खा, गरम मिळाला तर फारच उत्तम.

दुपारी परत मेट्रोनं गिरीश पार्कला उतरा आणि जोडासाँको ठाकूरबाडीला, म्हणजे रवींद्रनाथ टागोरांच्या घरी जा. तिथं आता संग्रहालय आहे. रवींद्रनाथ १८६१ मध्ये इथं जन्मले आणि १९४१ मध्ये इथंच गेले. आत चपला काढाव्या लागतात, फोटो काढू देत नाहीत. हे घर सोमवारी बंद असतं, रविवारी चालू. वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. आपल्याशी या घराचा फार जवळचा धागा आहे. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी सगळी मुंबई इलाख्यात झाली, साताऱ्यालाही ते न्यायाधीश होते. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. आणि विलायतेला जाण्याआधी, १८७८ मध्ये, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून. तो सराव त्यांच्याकडून करून घेतला डॉक्टरांच्या मुलीनं, अन्नपूर्णानं. तिला त्यांनी नलिनी हे नाव दिलं आणि म्हातारपणीही ते तिच्याबद्दल आदरानं बोलत राहिले. हे मनात ठेवून त्या व्हरांड्यात उभ्या राहा.

इथवर चार वाजतील. पाय बोलायला लागले असतील तर सरळ खोलीवर जा, काहीही राहून गेलेलं नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल दुरून पांढरं सुंदर दिसतं, आतलं बघायला अर्धा दिवस लागतो. ते घाईत उरकण्यात अर्थ नाही. सासूबाईंचं दर्शन मात्र चुकवू नका. कालीघाटला रविवारी प्रचंड गर्दी, आणि पंडे मागे लागतात. त्याऐवजी दक्षिणेश्वर. राणी रासमणींनी बांधलेलं हे कालीमंदिर १८५५ चं, रामकृष्ण परमहंस तिथंच पुजारी होते, आणि त्याच मेट्रोचं शेवटचं स्टेशन दक्षिणेश्वर आहे. देऊळ दुपारी बंद ठेवतात, संध्याकाळी उघडतं. अंगात ताकद उरली तर गिरीश पार्कहून तिकडे जा, नाहीतर आठवड्यातली एखादी संध्याकाळ ठेवा.

बायकांची खरी अडचण स्वच्छतागृहाची, आणि ती कुणी लिहीत नाही. फुलबाजार, कुमारटुली, बागबाजार या गल्ल्यांत भरवशाची सोय नाही. सकाळी पुलापाशी असताना हवं तर पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन हावडा स्टेशनच्या प्रतीक्षालयाचा उपयोग करून घ्या, नंतर संग्रहालयात गेल्यावर. पाणी पिणं टाळू नका, एकट्या माणसाला चक्कर आली तर ते जास्त वाईट. पिशवी पुढं, गळ्यातलं मंगळसूत्र पदराखाली, सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता बंगालीत लिहून घेतलेला कागद जवळ. कुठं अडलंच तर ११२.

आणि घरच्यांचं. ‘जाऊ का’ असं विचारू नका, ‘जाते आहे’ असं सांगा. कागदावर जागा आणि वेळा लिहून यजमानांना द्या, फोन किती वाजता करणार तेही लिहा, आणि त्या वेळेला न चुकता करा. काळजीवर वाद घालून उपयोग नसतो, पण दुपारी एकला ठरल्याप्रमाणं फोन आला की ती आपोआप निम्मी होते.

---

ताई, मी वर्ध्याचा, वय २२. परीक्षेसाठी कोलकात्याला जातोय. परीक्षा रविवारी, परतीची गाडी सोमवारी रात्री. सोमवारी लॉज सोडावं लागेल. पाठीवर मोठी बॅग, खिशात पाचशे रुपये. दिवसभर स्टेशनवरच बसून राहू का?
— एक विद्यार्थी

अजिबात नको, बाळा. बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाक. तिथं कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, तेव्हा वर्ध्याहूनच एक साधं कुलूप लावून ने. तिकीट आणि ओळखपत्र बरोबर असू दे. पण त्याआधी तिकिटावर गाडी कुठून सुटते ते नीट वाच. महाराष्ट्राकडे येणाऱ्या सगळ्याच गाड्या हावड्याहून सुटत नाहीत; ज्ञानेश्वरी एक्सप्रेससारख्या काही शालिमारहून सुटतात, आणि ते स्टेशन वेगळं, लांब आहे. हावडा असेल तरी तुझी गाडी बहुधा नव्या इमारतीतून निघेल, सतराच्या पुढच्या फलाटांवरून. जुन्या इमारतीतून तिकडे जायला दहा मिनिटं धर.

सोमवार म्हणजे बहुतेक संग्रहालयं बंद. त्यानं तुझं काही बिघडत नाही, कारण रविवारी बंद असलेली एक मोठी गोष्ट सोमवारी उघडी असते: कॉलेज स्ट्रीट. स्टेशनातून बाहेर पडून पूल पायी ओलांड. पुढचा महात्मा गांधी रोड सरळ धरलास की तो तुला तिथंच नेऊन सोडतो. वाटेत बडाबाजारची घाऊक पेठ आहे. हातगाड्या, ओझी, माणसं, सगळं अंगावर येतं, पण बघण्यासारखं आहे. चालायचं नसेल तर हावड्याहून मेट्रोनं सियालदा आणि तिथून थोडं मागं चालत. परतताना मात्र मेट्रोनंच ये. हुगळीच्या तळाखालून जाणारा तो बोगदा २०२४ मध्ये सुरू झाला, नदीखालून जाणारी ही देशातली पहिली मेट्रो. गाडी नदीखाली असते ते पाऊण मिनिटच, आणि त्या वेळी बोगद्याच्या भिंतींवर निळे दिवे दिसतात. भाडं दहा-वीस रुपयांच्या आत.

कॉलेज स्ट्रीटला दोन्ही फुटपाथांवर पुस्तकांच्या टपऱ्या, पत्र्याच्या आणि लाकडी फळ्यांच्या. स्पर्धा परीक्षांची, वैद्यकीची, अभियांत्रिकीची, जुनी, नवी. पुस्तकाचं नाव मोठ्यानं सांग. त्या टपरीत नसेल तर विक्रेता शेजारच्याला हाक मारून दोन मिनिटांत आणवतो. भाव करावा लागतो, तो हसतमुखानं कर. बाजूलाच कलकत्ता विद्यापीठ आहे, १८५७ चं, आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षीचं. समोरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर कॉफी हाऊस. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथांचं मोठं चित्र, आणि फेटेवाले वाढपी. १९५८ पासून ते कामगारांची सहकारी संस्था चालवते. ‘इन्फ्युजन’ माग, म्हणजे बिनदुधाची कॉफी. एका कपावर तासभर बसलास तरी तुला कुणी उठवत नाही. तुझ्या वयाची पोरं शेजारी कविता आणि राजकारणावर भांडत असतील. त्यांच्याशी बोल. परीक्षेसाठी आलो म्हणालास की ती स्वतःहून खुर्ची ओढून देतील.

पाचशेत हे सगळं बसतं, दोन जुनी पुस्तकंही. गाडीच्या तासभर आधी क्लोकरूमच्या रांगेत उभा राहा, संध्याकाळी ती लांबते.

---

मी सांगलीचा, वय ६७. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा कोलकात्यात असतो, महिनाभर त्याच्याकडे राहायला जाणार आहे. तो आणि सून दिवसभर कामावर. शहर बघायची इच्छा आहे, पण हॉटेलात एकट्यानं जेवायला बसायचं म्हटलं की पाय अडखळतात. लोक बघतात असं वाटतं. गुडघेही फार साथ देत नाहीत.
— एक ज्येष्ठ वाचक

काका, जोडीनं फिरायची सवय असलेल्या माणसाला एकट्याचं ताट किती जड वाटतं ते मला माहीत आहे. यावर मन घट्ट करा वगैरे मी सांगणार नाही. जागा अशी निवडा की जिथं एकटा माणूस हाच नेहमीचा गिऱ्हाईक आहे. कोलकात्यात अशा जागा आहेत. त्यांना ‘पाइस होटेल’ म्हणतात. गावाकडून शहरात नोकरीला आलेल्या, मेसमध्ये राहणाऱ्या माणसांसाठी ही घरगुती भाताची खानावळ शंभरएक वर्षांपूर्वी सुरू झाली, एक-दोन पैशांत जेवण मिळायचं तेव्हा. आजही कॉलेज स्ट्रीट, धर्मतला, जानबाजार भागांत ती चालू आहेत.

आत लांब किंवा संगमरवरी टेबलं असतात आणि मोकळी खुर्ची दिसेल तिथं बसायचं. शेजारी-समोर अनोळखी माणसं, सगळी आपापल्या ताटात मान घालून जेवणारी. कुणी कुणाकडे बघत नाही. केळीच्या पानावर भात, डाळ, भाजी, आणि तुम्ही मासे खात असाल तर रुई, कातला, पाबदा. प्रत्येक जिन्नसाचा वेगळा हिशेब. काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा वेगळे पैसे लावतात. वाढपी तोंडानं झरझर पदार्थ सांगतो, तेव्हा गोंधळू नका, शेजारच्याच्या पानाकडे बोट दाखवलं तरी चालतं. गोड्या पाण्यातले मासे काट्याचे असतात, सावकाश खा. एक वाजायच्या आत पोचा. चांगले पदार्थ लवकर संपतात आणि नंतर खुर्चीसाठी मागं उभं राहावं लागतं, ते गुडघ्यांना नको. पहिल्या दिवशी फक्त डाळ-भात-भाजी खाऊन या. चौथ्या-पाचव्या वेळी वाढपी तुम्हाला ओळखायला लागेल, आणि महिनाभर राहणार आहात म्हणजे तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

गुडघ्यांसाठी: कॉफी हाऊसचा जिना टाळा. इंडियन म्युझियमला जा, पण एका दिवशी एकच दालन. भारहूतच्या स्तूपाचा तांबड्या दगडाचा कठडा तिथं आणून उभा केला आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याच्यासमोर बसून एकेक जातककथा ओळखण्यात सकाळ जाते. १८१४ मध्ये स्थापन झालेलं हे देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं.

संध्याकाळी प्रिन्सेप घाट. नदीकाठी सपाट रस्ता, बसायला भरपूर बाकं, झालमुडीवाले, मातीच्या भांड्यातला चहा. शेजारचा दुसरा मोठा पूल म्हणजे विद्यासागर सेतू, १९९२ चा. तिथं मोठ्या खांबांचं पांढरं स्मारक आहे, ते जेम्स प्रिन्सेपच्या नावाचं. हा कोलकात्याच्या टाकसाळीत काम करायचा आणि १८३७ च्या सुमारास त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली. त्याच वाचनाच्या आधारानं पुढं आपल्या कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचता आले. तुम्ही सांगलीहून ती लेणी पाहायला गेला असाल तर या खांबांपाशी थोडं थांबावंसं वाटेल.

घाटाला लागूनच चक्ररेल्वेचं स्टेशन आहे. त्या गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून घ्या, किंवा मुलाला सांगा, कामावरून येताना तो तुम्हाला तिथूनच घेऊन जाईल. सूनबाईही आली तर तिघं मिळून चहा घ्या.